पाच व्होल्टांचं शहाणपण

रायपूरच्या मराठी माणसाला नागपूर लागतंच. साड्या नागपूरच्या, सोयरिकी नागपूरच्या, संत्राबर्फी नागपूरची. मधे जेमतेम तीनशे किलोमीटरचा राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. कुम्हारी, भिलाई, दुर्ग, राजनांदगाव गेलं की बाघनदीला छत्तीसगढ संपतं, आणि देवरी, साकोली, भंडारा करत माणूस नागपूरच्या मांडवात जाऊन बसतो. हावडा-मुंबई लोहमार्गावरच्या दोन शहरांत गाड्यांना तोटा नाही, त्यामुळे शहाणी माणसं रेल्वेनं जातात. उरलेल्यांसाठी महामार्ग आहे.

माझी गाडी २०१४ सालची, पेट्रोलवरची, पांढरी. नोकरी बँकेत गेली. तिथं दुसऱ्यांच्या बेरजा तपासण्याची जी खोड जडली, ती निवृत्तीनंतर बॉनेटखाली वळली. मोबाइलवर एक सरदारजी इंजिन उघडून दाखवायचे, ते पाहत मी एअर फिल्टर बदलायला शिकलो, मग स्पार्क प्लग, आणि मग थांबायचं कुठं हे कुणी शिकवलं नाही. कंपनीचा मूळ भोंगा तर मला पहिल्यापासून अपमानास्पद वाटायचा. टाटीबंधच्या चौकात लोखंडानं लादलेल्या ट्रकसमोर तो वाजवला, की ट्रकवाला आदबीनं आरशात बघायचा आणि जागचा हलायचा नाही. तेव्हा मी दोन तबकड्यांचा दणदणीत जोडभोंगा आणला. स्वतंत्र रिले, बॅटरीपासून थेट जाड वायर, फ्यूजसुद्धा. समोरच्या जाळीमागे जागा नव्हती, म्हणून लोखंडी पट्टी हातानं वाकवून ती तिथं दाबून बसवली. इतकं नेटकं काम की आमच्या तात्यापारा वस्तीतल्या चार जणांना बोलावून दाखवलं. आमच्या आत्याला हल्ली ऐकू कमी येतं, पण भोंगा ऐकून तीही म्हणाली, "आता कसं स्पष्ट बोललास."

त्यानंतर लग्नसराई आली.

राजनांदगावच्या पुढं एक भाताचा ट्रक रस्त्याच्या मधोमध चालला होता. भोंगा दिला, उजवीकडे घेतलं, पाय दाबला, आणि गाडीतला जीवच गेला. इंजिन चालू, पण पेडल दाबा की सोडा, तिला सोयरसुतक नाही. समोर पिवळा इंजिनाचा दिवा. मागच्या बसवाल्यानं माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. कशीबशी कडेला घेतली, किल्ली बंद केली, पुन्हा चालू केली, तर गाडी एकदम गुणी! वीसेक किलोमीटर सुरळीत. मग पुढचा ट्रक, पुन्हा तेच. देवरीच्या घाटात तर गाढवं ओझं घेऊन आमच्या पुढं गेली.

मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "बाळा, तू भोंगा वाजवलास की बसते रे ती."

मी हसलो. वडीलधाऱ्यांना समजावताना माणूस हसतो, तसा. म्हणालो, "आत्या, भोंगा बारा व्होल्टांवर चालतो, थेट बॅटरीवरून. इंजिनाच्या कॉम्प्युटरशी त्याचा काडीचा संबंध नाही. ही ओव्हरटेक करताना बसते, कारण तेव्हा इंजिनावर लोड येतो." आत्याला यातलं किती ऐकू गेलं देव जाणे. बायकोला सगळं ऐकू गेलं होतं आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

परत आल्यावर मी जयस्तंभ चौकाजवळच्या रविभवनातून कोड वाचायचा ब्लूटूथ डोंगल आणला. काड्यापेटीएवढी वस्तू. स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात खुपसायची. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ही दुसऱ्या पिढीची स्वतःच्या दोषांची नोंद ठेवणारी व्यवस्था सक्तीची झाली, म्हणजे माझी गाडी कायद्यानंच माझ्याशी बोलायला बांधलेली होती. पासवर्ड १२३४. मोबाइलवर अक्षरं उमटू लागली आणि मला धन्वंतरी झाल्यासारखं वाटलं.

कोड चार होते. पी ०१०७: हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा सिग्नल कमी. पी २१२२: ॲक्सिलरेटर पेडलच्या सेन्सरचा सिग्नल कमी. पी ०५३२: एसीच्या गॅसचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल कमी. आणि पी ०६४२: सेन्सर रेफरन्स व्होल्टेज 'अ' कमी.

आता इथं जाणत्या माणसानं शेवटच्या कोडापाशी थांबायला हवं होतं. पण माझी अडचण व्यावहारिक होती. मॅप सेन्सर दुकानात मिळतो, पेडल दुकानात मिळतं. 'रेफरन्स व्होल्टेज' नावाची वस्तू रायपूरच्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. जे विकत मिळत नाही ते बिघडलेलं असू शकत नाही, असा माझा हिशेब. एसीचा कोड तर मी त्याच क्षणी निकालात काढला. एसी छान गार करत होता, आणि गाडीचा वेग एसीनं कशाला पडेल?

म्हणून आधी नवा मॅप सेन्सर आला. बसवला, रिंग रोडवर पहाटे फेरी मारली, गाडी झकास. पहाटे रिंग रोडवर भोंगा कुणासाठी वाजवणार? दोष गेला असं जाहीर करून मी शेजाऱ्यांना पोहे-जिलेबी खिलवली. पुढच्या नागपूर फेरीत कुम्हारीलाच गाडी बसली. मग पेडल आणलं, सेन्सरसकट पूर्ण जोड. त्याच्या किमतीत दोघांचं रेल्वेचं येणं-जाणं वातानुकूलित डब्यातून कित्येकदा झालं असतं, हे बायकोनं एकदाच सांगितलं, पण अशा ठिकाणी सांगितलं की पाहुण्यांनीही ऐकलं.

या टप्प्यावर मी अभ्यासाला बसलो. आणि खरं सांगतो, विषय फार सुंदर निघाला.

गाडीची बॅटरी बाराची म्हणतात, पण ती कधीच बारावर स्थिर नसते. स्टार्टर फिरताना नऊ-दहापर्यंत खाली येते, इंजिन चालू झालं की अल्टरनेटर तिला चौदापर्यंत नेतो. अशा हलत्या पट्टीनं मोजमाप कसं करणार? म्हणून इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, स्वतःच्या पोटात पाच व्होल्टांचा एक पक्का पुरवठा तयार करतो आणि तोच सेन्सरांना देतो. सेन्सरनं त्या पाचापैकी काही वाटा परत करायचा. पेडल थोडं दाबलं तर थोडा, पूर्ण दाबलं तर जास्त. गंमत म्हणजे सेन्सर शून्य आणि पाच ही दोन्ही टोकं मुद्दाम वापरत नाहीत, साधारण अर्ध्या व्होल्टापासून साडेचारापर्यंतच बोलतात. म्हणजे सिग्नल शून्यावर आला, की कॉम्प्युटर ओळखतो: हा पेडलचा आवाज नाही, हा तुटलेल्या वायरचा आवाज आहे. आणि पेडलमध्ये तर एकाऐवजी दोन सेन्सर असतात. दोघांची साक्ष जुळली नाही, तर कॉम्प्युटर कुणावरच विश्वास न ठेवता गाडीला रांगायला लावतो, कारण चुकून भरधाव सुटण्यापेक्षा रांगणं बरं. मी पेडलवर नाचत होतो तेव्हा गाडी बंद पडलेली नव्हती. ती मला मरू देत नव्हती.

आणि हे पाच व्होल्ट सगळ्यांना वेगवेगळे मिळत नाहीत. एका ओळीवर चार-पाच सेन्सर बसतात. आमच्या जुन्या वाड्यातल्या सामायिक नळासारखंच ते. खालच्या बिऱ्हाडात कुणी तोटी उघडी टाकून गावाला गेलं, की वर तिसऱ्या माळ्यावर पाणी नाही म्हणून बोंब व्हायची, आणि प्लंबर बिचारा तिसऱ्या माळ्यावरचे नळ बदलत बसायचा. मॅप सेन्सर आणि पेडल हे माझे तिसऱ्या माळ्यावरचे भाडेकरू होते. बोंब त्यांची, तोटी भलत्याचीच.

एवढं कळल्यावर पुढची रीत सोपी असते. व्होल्टमीटर त्या पाचाच्या ओळीवर लावायचा, आणि सेन्सरांचे कनेक्टर एकामागून एक काढत जायचं. ज्याला काढल्यावर आकडा पाचवर परत येतो, तो आतून शॉर्ट. सगळे काढूनही आकडा खालीच राहिला तर दोष वायरीत. आणि वायरही निर्दोष निघाली, तरच ईसीयूवर संशय घ्यायचा. मी हे आत्याला सविस्तर समजावलं. रायपूरच्या बुढा तालाबाजवळ ज्यांच्या नावाची शाळा आहे त्या माधवराव सप्र्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं. मीही त्याच शहरात राहून वर्कशॉप मॅन्युअल मराठीत आणत होतो. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भोंगा काढून बघितलास का?"

काढून बघितला नाही. कारण शास्त्र माझ्या बाजूला होतं.

मे महिन्यात अंगणात गाडी उभी करून मी मोहीम उघडली. बाहेर चव्वेचाळीस अंश. पहिला कनेक्टर काढला आणि मोबाइलवर इंजिनाच्या पाण्याचं तापमान आलं: उणे ४०. रायपुरात, मे महिन्यात, उणे ४०! त्याच क्षणी रेडिएटरचा पंखा भणाणत सुरू झाला आणि तिथं झोपलेलं मांजर थेट कौलांवर दिसलं. मी सेन्सर चुकीचा काढला होता, पाण्याच्या तापमानाचा. त्याला दोनच वायरी असतात. वायर सुटली की कॉम्प्युटरला पूर्ण पाच व्होल्ट दिसतात, आणि त्याच्या कोष्टकात पाच व्होल्ट म्हणजे कडाक्याची थंडी. वर तापमान कळत नाही म्हणून खबरदारीसाठी तो पंखाही पूर्ण वेगानं सोडतो. जाता जाता सांगतो, उणे ४० हा एकच आकडा असा आहे जिथं सेल्सियस आणि फॅरनहाइट यांचं एकमत होतं. एवढं ज्ञान त्या दुपारी पदरात पडलं.

मग व्होल्टमीटरऐवजी मी भोंग्याच्या कामात वापरलेला टेस्ट लॅम्प घेतला, बारा व्होल्टांचा बल्ब असलेला. पाचाच्या ओळीला टेकवला. मिणमिणता लागला, आणि लगेच पी ०६४२ हा कोड परत हजर! मी आरोळी ठोकली. सापडला! नंतर कळलं की तो बल्ब एवढा करंट ओढतो, की त्या नाजूक पुरवठ्याचा आकडा बल्बनंच खाली येतो. म्हणजे तो दोष सापडला नव्हता, तयार केला होता. मग आणला तो डिजिटल मीटर. पेडलच्या कनेक्टरवर आकडा ५.०१. एक-एक सेन्सर काढला, ५.०१. परत लावला, ५.०१. वायरी हलवल्या, तरी ५.०१. दुपारच्या वेळी गल्लीतली म्हातारी माणसं झोपलेली, त्यामुळे त्या सगळ्या तपासणीत एक गोष्ट मी शिष्टाचार म्हणून केली नाही. ती कोणती, हे वाचकाला एव्हाना कळलं असेल. मला कळलं नव्हतं.

शेवटी एका मोठ्या, काचेच्या, गार वर्कशॉपमध्ये गाडी दिली. तिथं कॉफी मिळाली. त्यांचा ट्रायल घेणारा मुलगा अतिशय सभ्य, नियमात चालवणारा, भोंग्याला हात न लावणारा. दोन दिवसांनी त्यांनी सुबक छापलेला कागद दिला: सर्व सेन्सर ठीक, रेफरन्स व्होल्टेजचा दोष अधूनमधून, सबब ईसीयू बदलणे. आकडा पस्तीस हजारांच्या पुढे. मी कागदाची घडी घातली. पस्तीस हजार म्हटल्यावर माझ्यातला शास्त्रज्ञ झोपला आणि बँकवाला जागा झाला.

टाटीबंधला, एम्सच्या अलीकडे, ट्रकांच्या गॅरेजांच्या रांगेत एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. पत्र्याची शेड, वर जुन्या अल्टरनेटरांचा ढीग, आणि त्यांच्या बाकावर मीटर मात्र माझ्याहून चांगला. मी कोड सांगितले, पाच व्होल्टांचं माहात्म्य सांगितलं, वर्कशॉपचा कागद दाखवला. त्यांनी कागद घेतला, त्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि विचारलं, "गाडी म नवा का लगवाय हव भैया?"

"काही नाही," मी म्हणालो. "म्हणजे पेडल. आणि मॅप सेन्सर."

"ओखर पहिली?"

त्याच्या आधी. मी गप्प. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. एक आत्या सोडली तर. हळूच म्हणालो, "भोंगा."

त्यांनी मला किल्ली फिरवायला लावली आणि बॉनेट उघडलं. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन एसीच्या त्या दाबाच्या सेन्सरवर, ज्याला मी पहिल्याच दिवशी निकालात काढलं होतं. हा सेन्सर पुढं असतो, कंडेन्सरजवळ, जाळीच्या मागं. आकडा ५.०१. त्यांनी मला आत बसवलं आणि म्हणाले, "बजाव."

मी भोंगा दिला. सबंध टाटीबंधनं मान वळवली. बाजूच्या काचेतून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी मीटर उचलून माझ्याकडे फिरवला. आकडा उडत होता: ५.०१, १.८, ०.२, ५.०१, ०.२. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. भोंगा सोडला, आकडा शांत. पुन्हा दिला, पुन्हा नाच. त्यांनी एसीच्या सेन्सरचा कनेक्टर काढून टाकला आणि मान हलवली. मी भोंगा दिला. आकडा तरीही कोसळला. म्हणजे सेन्सर नाही, वायर.

बंपरच्या आत हात घालून त्यांनी वायरींचा जुडगा बाहेर ओढला. मी हौसेनं वाकवलेल्या पट्टीची कड त्याच्यावर चढून बसली होती. तबकड्या वाजल्या की पट्टी थरथरायची, आणि थरथरून थरथरून तिनं काळी टेप कापली होती, एका वायरीचं प्लास्टिक कापलं होतं, आणि आतलं तांबं नखाएवढं उघडं पडून चकाकत होतं. भोंगा वाजला की हे तांबं पट्टीला टेकायचं. पट्टी बोल्टनं बॉडीला, बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला. पाच व्होल्ट जमिनीत.

मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, "उंदरानं कुरतडली असेल."

"मुसवा नोहे भैया," ते म्हणाले, आणि पट्टीवर स्क्रूड्रायव्हर वाजवला.

ईसीयूचं काही वाकडं झालं नव्हतं. त्याच्या त्या पुरवठ्याला शॉर्टपासून संरक्षण असतं, दरवेळी तो आपला हात आखडता घ्यायचा आणि कोड लिहून ठेवायचा. पस्तीस हजारांचा आरोपी इतके महिने इमानेइतबारे खरं तेच लिहीत होता, आणि मी त्यातलं जे दुकानात मिळतं तेवढंच वाचत होतो. उस्तादांनी तांब्याला डाग दिला, वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवली, जुडगा कोरुगेटेड पाइपात घालून वेगळ्या वाटेनं बांधला, आणि पट्टीची कड कानशीनं गोल केली. भोंगा काढायचा का विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी दीडशे रुपये घेतले. माझा टेस्ट लॅम्प गाडीत दिसला, तो मात्र परत दिला नाही. म्हणाले, ट्रकला चालेल.

नंतर कोड पुसले आणि नागपूरला जाऊन आलो. भाताचे, कोळशाचे, सिमेंटचे, सगळे ट्रक भोंगा देऊन मागं टाकले. साकोलीपाशी आत्या म्हणाली, "दुरुस्त झाला वाटतं भोंगा." मी म्हटलं, "हो."

आता एक ॲक्सिलरेटर पेडल, सेन्सरसकट, आणि एक मॅप सेन्सर विकणे आहे. काढून टाकलेले जुने दोन्ही निर्दोष आहेत आणि ते मी परत बसवले, त्यामुळे विकायचे ते जवळपास कोरे. दुकानदार परत घेत नाही; विजेचं सामान परत होणार नाही अशी पाटी त्याच्या गल्ल्यावर आहे आणि ती मी आधी वाचली नव्हती. रायपूरपासून नागपूरपर्यंत महामार्गावर कुणाला हवं असल्यास कळवावं. वस्तू घरपोच आणून देईन. दाराशी आलो की भोंगा देईन, ऐकू येईल.